काकांना सॅच्युरेशन ९२ च्या वर नको म्हणतात. कार्बन डायॉक्साइड 'धरून ठेवणं' म्हणजे काय?

सुरसागरकाठी

नमस्कार मंडळी. आमचे मोठे काका (सगळा जन्म बडोद्याच्या दांडिया बाजारात, आणि जवळजवळ सगळा जन्म बिडी) गेल्या आठवड्यात दवाखान्यातून घरी आले. सीओपीडी (फुप्फुसातल्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) जुनाच, या खेपेला कफ भरून फार जोर झाला. आता घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे ऑक्सिजनचं मशीन आहे, नाकात नळी आहे, बोटाला सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती टक्के भरलाय ते, दाखवणारं ऑक्सिमीटर आहे. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी ठळक लिहिलंय: सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवणे, त्यावर नको.

यावरून घरात रोज चर्चासत्र. आत्या म्हणते, कोविडात ९४ च्या खाली गेलं की पळापळ करायचो, आणि आता ९३ झालं तर मशीन कमी करायचं? उरलेले आठ टक्के कुणाला द्यायचे? शेजारचे भाई रोज डोकावून सांगतात, 'थोडो वधारो ने' (थोडं वाढवा ना). आम्ही वाढवत नाही, कार्डावर आहे तेच करतोय.

फाइलमध्ये रक्ताचा गॅस रिपोर्ट आहे. पीएच ७.३५, पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायॉक्साइडचा दाब) ६०, बायकार्बोनेट ३२. साठापुढे वर जाणारा बाण. राउंडला विचारलं तर एवढंच उत्तर मिळालं की 'ते सीओटू धरून ठेवतात, ऑक्सिजन जास्त दिलात तर आणखी धरतील.'

मला हे डोक्यात बसत नाहीये. श्वास सोडला की कार्बन डायॉक्साइड गेला, शाळेत इतकंच शिकवलं होतं. मग धरून ठेवतात म्हणजे कुठे ठेवतात? आणि ऑक्सिजन दिल्याने तो का वाढावा? कुणी समजावेल का? मी कॉमर्सवाला आहे हे लक्षात ठेवून.

सेवउसळ_तरी_जादा

काकांना लवकर आराम पडो. लाल_शाई बाईंना कुणीतरी हाक मारा. त्यांनी आमच्या ताईला फर्स्ट एमबीबीएसला फिजिओलॉजी शिकवलंय, ताई अजून त्यांचं नाव निघालं की नीट बसते.

लाल_शाई

हाक पोचली. ताईला सांगा, आता निवृत्त आहे, टेकून बसलीस तरी चालेल.

सुरसागरकाठी, तुम्ही कॉमर्सवाले आहात ते बरंच आहे, कारण हा सगळा जमाखर्चाचाच मामला आहे. फुप्फुसाकडे येणाऱ्या एक लिटर रक्तात, सगळ्या रूपांत मिळून, साधारण ५२० मिलिलिटर कार्बन डायॉक्साइड असतो. फुप्फुसातून परत निघताना त्याच लिटरात ४८० असतो. म्हणजे उतरला किती? फक्त ४०. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं, म्हणजे मिनिटाला २०० मिलिलिटर बाहेर. पेशी मिनिटाला तयार करतात तोही जवळपास तेवढाच. ताळेबंद जुळला.

पण तो ४८० चा आकडा पुन्हा वाचा. निरोगी माणसाचं 'शुद्ध' म्हणवलेलं रक्तसुद्धा कार्बन डायॉक्साइडने भरलेलं असतं, आणि त्यात तो ऑक्सिजनच्या दुपटीहून जास्त असतो. म्हणजे धरून ठेवतात ते फक्त काका नव्हेत. तुम्ही, मी, सगळेच धरून ठेवतो. काकांनी जरा जास्त धरलाय, इतकंच.

कुठे धरतो? रक्तातल्या साठ्यापैकी सुमारे नव्वद टक्के बायकार्बोनेटच्या रूपात. उरलेल्यातला निम्मा प्लाझ्मात आणि पेशींत नुसता विरघळलेला, निम्मा हिमोग्लोबिनला चिकटलेला. (पाठ्यपुस्तकात ७०, २३ आणि ७ टक्के असे आकडे असतात, ते पेशींकडून नव्याने उचललेल्या मालाचे, एकूण साठ्याचे नव्हेत. तीस वर्षं मुलं हे दोन्ही एक करत आली आणि मी लाल शाई वापरत आले.) रक्ताबाहेर स्नायूंत, चरबीत आणि सगळ्यात जास्त हाडांत. हाडांतला धरला तर शरीरातला एकूण साठा शंभर लिटरच्या वर जातो. ऑक्सिजनची शिल्लक मात्र दीड लिटरच्या आसपास, आणि म्हणूनच तो बंद झाला की काही मिनिटांत खेळ संपतो.

बायकार्बोनेट बनतं तांबड्या पेशीच्या आत. तिथे कार्बोनिक अॅनहायड्रेज नावाचं एन्झाइम आहे, शरीरातल्या सर्वात चपळ एन्झाइमांपैकी एक. पाणी आणि कार्बन डायॉक्साइड यांची गाठ घालून देतं, त्यातून एक हायड्रोजन आयन आणि एक बायकार्बोनेट निघतो. हायड्रोजन आयनला हिमोग्लोबिन पकडतं, बायकार्बोनेट पेशीबाहेर जातो आणि त्याच्या बदल्यात क्लोराइड आत येतो. फुप्फुसात हीच गाडी उलटी चालते. रक्ताला तिथल्या केशवाहिनीत मिळतो जेमतेम पाऊण सेकंद, एन्झाइम नसतं तर तेवढ्यात काही जमलं नसतं.

आता एवढा साठा ठेवायचा कशाला? रक्ताचा पीएच, म्हणजे ते आम्लाकडे झुकलंय की अल्कलीकडे ते सांगणारा आकडा, ७.४ च्या आसपास राहतो तो मुख्यतः बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायॉक्साइड यांच्या प्रमाणावर. २४ ला १.२, म्हणजे विसास एक. यातला १.२ फुप्फुसांच्या ताब्यात, २४ मूत्रपिंडांच्या. रोजचा हिशेब सांगते: फुप्फुसं दिवसाला १३ ते १५ हजार मिलिमोल आम्ल कार्बन डायॉक्साइडच्या रूपात बाहेर टाकतात, मूत्रपिंडं सत्तरेक. तरीही मूत्रपिंडांवाचून भागत नाही, कारण लघवीवाटे जाणारं ते सत्तर फुप्फुसांना टाकताच येत नाही.

काकांचा रिपोर्ट यातून वाचा. पीसीओटू नेहमी पाऱ्याचे ३५ ते ४५ मिलिमीटर असायला हवा, त्यांचा ६०. हे एका रात्रीत झालं असतं तर पीएच ७.२५ च्या घरात घसरला असता. पण त्यांचा पीएच ७.३५, अगदी उंबरठ्यावर पण आत. कारण बायकार्बोनेट २४ चा ३२ झालाय. मूत्रपिंडांना हे करायला तीन ते पाच दिवस लागतात. म्हणजे काकांचा सीओटू दवाखान्यात वाढलेला नाही, तो बऱ्याच आधीपासून चढलेला आहे, आणि शरीराने त्याच्याशी जुळवून घेतलंय. गॅस रिपोर्ट आला की मी पोरांना सांगायचे, आधी पीसीओटू नका बघू, बायकार्बोनेट बघा. दुखणं किती जुनं ते त्यात दिसतं.

ऑक्सिजनने का वाढतो ते उद्या. बोटं दुखली.

सेवउसळ_तरी_जादा

म्हणजे आपल्या आजव्याच्या धरणासारखं! पाणी येतच राहतं, पण सगळं सोडून द्यायचं नसतं, पातळी राखायची. दरवाजे कमीजास्त करत बसायचं. आणि काकांचे दरवाजे गंजलेत.

लाल_शाई

चालेल. विश्वामित्री नदीला पूर येईपर्यंत ताणू नका म्हणजे झालं.

शंकेखोर

बाई, पातळी राखायची तर मोजतं कोण? आणि श्वास कोंडला की जीव घाबरतो तो ऑक्सिजन संपल्यामुळेच ना?

लाल_शाई

नाही. आणि हे बहुतेकांना पटत नाही.

१८९० च्या दशकात हॉल्डेन आणि लोरेन स्मिथ या शास्त्रज्ञांनी बंद पेटीत बसून हे स्वतःवर करून पाहिलं. पेटीतला कार्बन डायॉक्साइड चढू दिला की धाप लागते, डोकं ठणकतं. तोच शोषून घेतला आणि ऑक्सिजन मात्र घटू दिला, तर माणूस निळा पडू लागला तरी त्याला फारसं काही जाणवत नाही. पुढे १९०५ साली हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी दाखवलं की फुप्फुसाच्या खोल कप्प्यांतला कार्बन डायॉक्साइड जवळपास एकाच पातळीवर राहतो आणि श्वास चालतो तो ती पातळी राखण्यासाठी.

मोजणारे दोन ठिकाणी. मुख्य मोजमाप मेंदूच्या देठात, मेड्युलाच्या पुढच्या पृष्ठभागाजवळ. रक्तातले हायड्रोजन आयन मेंदूच्या पडद्यातून सहज आत जात नाहीत, पण कार्बन डायॉक्साइड बिनदिक्कत जातो, आत जाऊन पाण्याशी मिळून आम्ल करतो, आणि ते तिथल्या पेशींना कळतं. दुसरं ठिकाण मानेत, कॅरॉटिड धमनी दुभंगते तिथे तांदळाच्या दाण्याएवढी गाठ. ही ऑक्सिजन बघते, पण त्याचा दाब ६० च्या खाली उतरल्याशिवाय मोठा आवाज करत नाही. कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ चं नोबेल याच कामासाठी.

मेड्युला किती हळवा असतो बघा: पीसीओटू नुसता एक मिलिमीटर चढला तर मिनिटाचा श्वास दोन-तीन लिटरने वाढतो. एरवी आपण बसल्या बसल्या घेतो तो सहा-सात लिटर. म्हणजे तीन मिलिमीटर चढला की श्वास दुप्पट व्हायला आला.

तरणतलाव_सकाळ

शंकेखोर यांच्या प्रश्नावर मला बोलायलाच हवं. मी पालिकेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवते. सुट्टीत मोठी मुलं पैज लावतात, एका श्वासात पाण्याखालून कोण लांब जातो. आणि कुणीतरी व्हिडिओत बघून आलेला असतो: आधी काठावर उभं राहून भसाभसा वीस-तीस श्वास घ्यायचे, मग सूर मारायचा. मी दिसताक्षणी काठावरून बाहेर काढते, रडला तरी.

कारण वर बाईंनी सांगितलं तेच. भसाभस श्वासाने ऑक्सिजन भरत नाही, हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. उतरतो तो कार्बन डायॉक्साइड, चाळिसावरून पंचविसापर्यंत. मग पाण्याखाली 'वर ये' अशी हाक यायला उशीर होतो. हात मारल्यामुळे ऑक्सिजन मात्र भराभरा संपतो. हाक येण्याच्या आधी शुद्ध जाते. आणि हे बुडणं आरडाओरड्याचं नसतं, हातपाय झाडणं नाही, पाणी उडणं नाही. मूल सरळ पोहत असतं, मग पोहायचं थांबतं आणि तळाकडे जायला लागतं. वरून बघणाऱ्याला वाटतं खेळतोय. उथळ पाण्यातसुद्धा होतं आणि चांगल्या पोहणाऱ्यांनाच जास्त होतं, कारण नवशिक्याला तेवढा दमच धरवत नाही.

सुरसागरकाठी

बापरे. माझा पुतण्या हेच करतो. आज संध्याकाळी बोलतो त्याच्याशी.

नित्यप्राणायाम

सर्वांना नमस्कार. मी रोज सकाळी कामाठी बागेत असतो, आमचा ग्रुप जुना आहे. ताईंच्या ज्ञानाबद्दल आदर आहे, पण प्राणायामाने रक्तात भरपूर ऑक्सिजन जातो हा आमचा अनुभव आहे. कपालभातीनंतर बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, ते ऑक्सिजन पोचल्याचंच लक्षण. आणि दुसरीकडे ग्रुपवर एका रशियन डॉक्टरांची पद्धत आली आहे की कमी श्वास घ्या, कार्बन डायॉक्साइड वाढवा, दमा, रक्तदाब, सगळं जातं. आता यातलं खरं काय ते सांगा. दोन्ही तर खरं असू शकत नाही.

लाल_शाई

काका, तुम्ही स्वतःच पकडलंत की दोन्ही खरं असू शकत नाही. माझ्या मते दोन्हींत थोडी खोट आहे.

मुंग्यांपासून सुरू करते. जोरजोरात श्वास सोडला की कार्बन डायॉक्साइड उतरतो, रक्त अल्कलीकडे झुकतं. त्यामुळे रक्तातलं मोकळं कॅल्शियम अल्ब्युमिन या प्रथिनाला जास्त चिकटतं आणि मज्जातंतू चाळवतात. त्या मुंग्या. फारच झालं तर बोटं आखडून हाताची चोच होते. आणि डोकं हलकं होतं ते मेंदूला ऑक्सिजन जास्त मिळाल्याने नव्हे, कमी मिळाल्याने: पीसीओटू घसरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, दर मिलिमीटरमागे रक्तपुरवठा दोन-तीन टक्क्यांनी घटतो. शिवाय रक्त अल्कलीकडे गेलं की हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, पेशींना सोडायला कुरकुरतं. क्रिस्टियान बोर यांनी १९०४ मध्ये हे मांडलं. निरोगी माणसाला बागेत बसून थोडा वेळ असं झालं तर काही बिघडत नाही. फिट येणाऱ्याने, गरोदर बाईने, हृदयाच्या रुग्णाने डॉक्टरांना न विचारता करू नये.

रशियन डॉक्टर म्हणजे कॉन्स्टान्टिन बुटेको. त्यांच्या पद्धतीवर चाचण्या झाल्या आहेत. दम्याच्या काही रुग्णांना बरं वाटलं, पंप कमी लागला, पण फुप्फुसाची मोजमापं फारशी हलली नाहीत. त्यावरून 'सगळं जातं' म्हणणं म्हणजे फॉरवर्डची भाषा. आणि कार्बन डायॉक्साइड वाढवून टिकवता येईल हे तर शरीरच होऊ देत नाही, मेड्युला बसलाय तिथे पहारा देत.

माणिकरावांचा_आखाडा

इथे एक स्थानिक पुरवणी. प्राणायामात ऑक्सिजन किती जातो आणि कार्बन डायॉक्साइड किती निघतो हे मोजायला बसलेला पहिल्या फळीतला माणूस आपल्याच बडोदा संस्थानातला. स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३, डभोई. बडोद्यात राजरत्न माणिकरावांकडे जुम्मादादा व्यायाम मंदिरात तालीम झाली, योग शिकले नर्मदाकाठी मालसरला माधवदासजींकडे. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. त्यात १९३० च्या दशकात श्वासातल्या हवेच्या मोजण्या छापल्या आहेत. प्राणायामाचं मोल जास्तीच्या ऑक्सिजनमध्ये शोधू नका, हे त्यांनीच तेव्हा सांगून ठेवलंय. बागेतल्या ग्रुपवर हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

नित्यप्राणायाम

कुवलयानंदांबद्दल ऐकून होतो, ही मोजणी माहीत नव्हती. पण मग फायदा काहीच नाही म्हणायचं का? मला तरी होतो.

लाल_शाई

असं मी म्हटलेलंच नाही. २००१ साली इटलीत लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की संथ श्वासाच्या सरावात कार्बन डायॉक्साइड चढल्यावर किंवा ऑक्सिजन उतरल्यावर श्वासाची उसळी कमी होते. म्हणजे पहारेकरी जरा कमी ओरडतो, आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा जास्त तल्लख होते. कुंभकाचा सराव असलेला माणूस जास्त वेळ श्वास रोखू शकतो तो यामुळे, ऑक्सिजनची टाकी मोठी झाली म्हणून नव्हे. १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी रामानंद योगींना हवाबंद पेटीत बसवून मोजलं, तेव्हा त्यांचा ऑक्सिजनचा खर्चच विश्रांतीच्या नेहमीच्या हिशेबाहून खाली आला होता. मिळकत वाढली नाही, खर्च घटला. मला स्वतःला हे 'भरपूर ऑक्सिजन'पेक्षा कितीतरी रंजक वाटतं.

संथ करा, काका. भसाभस कमी करा.

शंकेखोर

एक शेवटचं. एसीची खोली रात्रभर बंद असते. तिथे कार्बन डायॉक्साइड साठून अंगात चढत असेल?

लाल_शाई

बाहेरच्या हवेत तो दशलक्ष भागांत ४२० च्या थोडा वर. बंद खोलीत हजार-दोन हजार होतो. तुमच्या स्वतःच्या उच्छ्वासात चाळीस हजार. रक्तातली पातळी तेवढ्याने हलत नाही, फुप्फुस श्वास नकळत वाढवून घेतं. कोंदट वाटतं, सकाळी जड वाटतं, ते खरं. खिडकीची फट ठेवा आणि झोपा.

सुरसागरकाठी

मंडळी, सगळं वाचतोय, पण माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. ऑक्सिजन दिला की काकांचा सीओटू का वाढतो?

आयसीयू_नाइट

रात्रपाळी संपवून लिहितोय. मी डॉक्टर नाही, श्वसनविभागात टेक्निशियन आहे, बाई चुकलं तर दुरुस्त करतील.

आम्हाला शिकवलं होतं की अशा पेशंटचा मेंदू सीओटूला सरावलेला असतो, त्याचा श्वास ऑक्सिजनच्या कमतरतेवर चालतो, ऑक्सिजन दिला की श्वासच थांबतो. अजून सिनियर सिस्टर हेच सांगतात. पण ते अर्धंमुर्धं आहे. १९८० सालच्या एका अभ्यासात सीओपीडीच्या पेशंटना पंधरा मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन दिला. त्यांचा श्वास फक्त सातेक टक्क्यांनी कमी झाला. सीओटू मात्र सरासरी २३ मिलिमीटर चढला. सात टक्क्यांनी इतकं होत नाही.

मग बाकीचं कशाने? फुप्फुसाचे काही भाग कफाने आणि बिडीने निकामी, तिथे हवा जातच नाही. शरीर हुशार आहे: जिथे ऑक्सिजन कमी तिथल्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, रक्त चांगल्या भागाकडे वळवतं. तुम्ही वरून ऑक्सिजन ओतला की खराब भागातही थोडाफार पोचतो, वाहिन्यांना वाटतं इथे सगळं ठीक आहे, त्या सैल होतात. रक्त तिकडे जातं. पण सीओटू बाहेर न्यायला तिथे हवेची येजा नाहीच. रक्त भरलेलं जातं आणि भरलेलंच परत येतं.

लाल_शाई

शाबास, उत्तम. एकच भर. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला की ते कार्बन डायॉक्साइड आणि हायड्रोजन आयन सोडून देतं. हॉल्डेन परिणाम, १९१४. निरोगी माणसात हा उपकारक, कारण फुप्फुसात पोचलेलं रक्त त्यामुळे आपला माल सोडतं. सुटलेला कार्बन डायॉक्साइड निरोगी माणूस चार श्वास जास्त घेऊन फेकून देतो. काकांना ते चार श्वास वाढवता येत नाहीत. त्यांचे स्नायू आधीच थकलेले, नळ्या अरुंद. म्हणून तो रक्तातच राहतो.

आणि आत्यांचे आठ टक्के. सॅच्युरेशन ९० म्हणजे ऑक्सिजनचा दाब साधारण ६०. हिमोग्लोबिनचा आलेख तिथपर्यंत जवळपास सपाट असतो, ९८ वरून ९० वर आलं तरी पेशींना पुरेसं मिळतं. ९० च्या खाली मात्र उतार तीव्र आहे. म्हणून ८८ च्या खालीही जाऊ द्यायचं नाही. दोन्हीकडून कुंपण आहे.

आयसीयू_नाइट

आकडा असाच काढलेला नाही हे आत्यांना सांगा. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात अॅम्ब्युलन्समध्येच ४०५ पेशंटवर चाचणी झाली, २०१० ला छापून आली. एका गटाला नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन, दुसऱ्याला ८८ ते ९२ राहील एवढाच. पहिल्या गटात ९ टक्के गेले, दुसऱ्यात ४ टक्के.

आता घरचं. ऑक्सिमीटर सीओटू दाखवत नाही, कधीच नाही. ९६ दिसतंय आणि पेशंट पेंगतोय ही आमच्याकडची सगळ्यात वाईट जोडी, नातेवाईक म्हणतात 'आज छान झोप लागली'. तुम्ही बघायचं ते असं: सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का, दिवसा बोलता बोलता झोप लागते का, वेळ-वार चुकतो का, हात गरम आणि चेहरा लालसर दिसतो का. आणि दोन्ही हात पुढे करून, मनगटं वर, बोटं पसरून धरायला सांगा, पोलीस गाडी थांबवतो तसे. अर्धा मिनिट. हात पंख मारल्यासारखे मधूनमधून खाली पडायला लागले तर वाट बघू नका, सरळ दवाखाना. ऑक्सिजन एकदम बंदही करू नका, त्याची कमतरता सीओटूपेक्षा लवकर मारते.

सेवउसळ_तरी_जादा

घाबरून श्वास लागला की कागदाची पिशवी तोंडाला लावतात, ती काकांना...?

आयसीयू_नाइट

अजिबात नाही! कुणालाच नको. घाबरलेला वाटणारा माणूस दम्याचा किंवा हार्ट अटॅकचाही असू शकतो, आणि पिशवीत ऑक्सिजन घटतो. हळू श्वास सोडायला सांगायचं, शेजारी बसायचं.

सुरसागरकाठी

लाल_शाई बाई, आयसीयू_नाइट, खूप आभार. आत्याला आजव्याचं उदाहरण सांगितलं, ते पटलं, टास्मानियाचं नाही. काकांनी हात पुढे धरून दाखवले, स्थिर आहेत, वर म्हणाले, 'मेमो फाडायचाय का?'

सकाळी डोकं मात्र जड असतं म्हणतात, चहा झाला की उतरतं. डॉक्टरांनी जाताना 'रात्रीचं मशीन लागेल कदाचित' असं म्हटलं होतं. ते काय?

आयसीयू_नाइट

बायपॅप. झोपेत सगळ्यांचाच श्वास थोडा मंदावतो, निरोगी माणसाचाही सीओटू झोपेत तीन ते आठ मिलिमीटरने चढतो. काकांचा साठावरून चढणार, त्यातून सकाळचं डोकं. बायपॅप मास्कमधून दाब देऊन प्रत्येक श्वास मोठा करतं, त्याने सीओटू धुतला जातो. कॉन्सन्ट्रेटर नुसता ऑक्सिजन देतो, तो हे काम करत नाही.

लगेच विकत घेऊ नका. आजार उसळलेला असताना आलेला ६० खाली उतरूही शकतो. दोन ते चार आठवड्यांनी, काका स्थिर असताना, गॅस परत करतात. तेव्हाही ५३ च्या वर राहिला तर रात्रीच्या मशीनचा विचार होतो, छातीचे डॉक्टर ठरवतील. पण सकाळचं डोकं जड असणं त्यांना आत्ताच फोन करून सांगा, तेवढ्यासाठी तारखेची वाट बघू नका.

गॅस मनगटाच्या धमनीतून काढतात, शिरेतून नाही, त्यामुळे नेहमीच्या रक्तापेक्षा दुखतं. काकांना आधी सांगून ठेवा. सुई काढल्यावर पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचं, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आणखी. आणि सॅम्पल घेताना ऑक्सिजन किती लिटरवर होता ते कागदावर लिहून न्या. त्याशिवाय रिपोर्ट वाचता येत नाही, आणि काउंटरवर ऐन वेळी कुणालाच आठवत नाही.